मुलं पळवली जाऊ नयेत म्हणून घरात, शाळेत आणि गर्दीत नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घरात सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आई-वडील दोघंही नोकरीला. मुलं व्हॅनने शाळेत जातात, दुपारी आजीकडे असतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी शहरात आली आहे’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. मुलांना काय शिकवायचं, जीपीएसचं घड्याळ घ्यावं का, आणि देव न करो, पण मूल दिसेनासं झालंच तर आधी काय करायचं?

आधी त्या मेसेजचं बघू. तो पुढे पाठवू नका. याच धर्तीच्या मेसेजांनी महाराष्ट्रात माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्या काळात मोटरसायकलवरून पोराला उचलून नेतानाचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधला तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवरचे दोघं मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. खरोखर संशय आला तर पोलिसांच्या ११२ नंबरला फोन करा, लांबूनच गाडीचा नंबर आणि कपडे टिपून ठेवा. अंगाला हात लावू नका, गर्दी जमवू नका. भीक मागणाऱ्या बाईच्या कडेवरचं मूल ‘तिचं वाटत नाही’ म्हणून ओढून घेणं हाही गुन्हाच आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा, ते तपासतील.

या मेसेजचं आणखी एक नुकसान आहे. मुलं पळवणारा म्हणजे झोळीवाला, मळक्या कपड्यांचा, परका पुरुष, असं चित्र त्यातून आपल्या डोक्यात बसतं आणि आपण तेच मुलांच्या डोक्यात घालतो. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात गाजलेलं गावित प्रकरण आठवा. गर्दीच्या ठिकाणांवरून मुलं उचलणाऱ्या त्या मायलेकी होत्या आणि त्यांच्याकडे बघून कोणालाही संशय आला नव्हता. ज्याच्याकडे बघून भीती वाटते त्याच्यापासून मूल आपोआपच लांब राहतं. सावधपणा शिकवायचा तो उरलेल्या सगळ्यांच्या बाबतीत.

वर्तमानपत्रात अपहरणाचे मोठे आकडे येतात, तेही नीट वाचायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, तेव्हापासून अठरा वर्षांखालचं कोणतंही मूल बेपत्ता झालं की पोलिसांनी ते अपहरण किंवा मानवी तस्करी समजूनच गुन्हा नोंदवायचा असतो. त्यामुळे रागावून घरातून निघून गेलेला मुलगा, ओळखीच्या मुलाबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी, जत्रेत चुकलेलं पोर, नवऱ्याने परस्पर नेलेलं लेकरू, सगळे त्याच आकड्यात येतात. आदेश योग्यच आहे, कारण पहिल्या तासात यातलं काय खरं हे कोणालाच माहीत नसतं. पालकांनी मात्र त्या आकड्यावरून ‘इतकी मुलं टोळ्यांनी पळवली’ असा अर्थ काढू नये. लहान मुलांच्या प्रकरणांत वारंवार सापडतो तो माहीतगार माणूस: शेजारी, भाडेकरू, कामावरून काढलेला ड्रायव्हर, नात्यातला कोणी, आईशी नुकतीच ओळख वाढवलेली बाई. त्याला घरातल्यांची नावं आणि मुलाच्या वेळा पाठ असतात.

यावरून एकच गोष्ट पक्की धरायची. मूल जातं ते बहुतेक दोन मोठ्या माणसांच्या मधल्या फटीतून. व्हॅन आणि आजी यांच्या मधल्या दहा मिनिटांत, क्लास सुटला पण आई पोचली नाही तेव्हा, लग्नाच्या हॉलमध्ये मामाला वाटलं काकूकडे आहे आणि काकूला वाटलं मामाकडे आहे तेव्हा. ‘मला वाटलं तो तुझ्याकडे आहे’ हे वाक्य अशा प्रकरणांत हमखास ऐकू येतं. म्हणून मुलांना शिकवण्याआधी मोठ्यांनी आपला हिशेब नीट करायचा. दिवसभरात मूल कोणाकडून कोणाकडे जातं ते एका कागदावर लिहून काढा. तुमच्या घरी साधारण सहा-सात हस्तांतरं होत असतील: आई ते व्हॅन, व्हॅन ते शाळा, शाळा ते व्हॅन, व्हॅन ते आजी, आजी ते क्लास, क्लास ते बाबा. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा. घेणारा वेळेवर आला नाही तर देणारा काय करणार? आणि तिसराच कोणी आला तर?

शाळेच्या फाटकापासून सुरुवात करा. मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची यादी, फोटो आणि मोबाइल नंबरांसह, लेखी द्या. चारपेक्षा जास्त नावं नकोत. यादीबाहेरचा कोणी आला तर शाळेने पालकांना फोन करायचा, आणि तो शाळेच्या रजिस्टरमधल्या नंबरवर. ही बारीक गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. आलेला माणूस म्हणतो, ‘हे घ्या, तिच्या पप्पांशी बोला,’ आणि स्वतःचाच मोबाइल पुढे करतो. पलीकडून त्याचाच साथीदार बोलतो. अर्ध्या दिवसाने नेताना गेटपास, सही आणि वेळ हवी. धोक्याचे दिवस ठरलेले असतात: स्नेहसंमेलन, परीक्षेचा शेवटचा पेपर, पावसामुळे अचानक लवकर सोडलेली शाळा, आणि नेहमीचा वॉचमन रजेवर असलेला दिवस.

त्याहूनही महत्त्वाची आहे गैरहजेरीची खबर. मूल न कळवता गैरहजर असेल तर पहिल्या तासानंतर अर्ध्या तासात घरी फोन किंवा मेसेज गेलाच पाहिजे. ही पद्धत नसलेल्या शाळेत सकाळी साडेसातला हरवलेलं मूल घरच्यांना दुपारी दीडला कळतं. तोवर लांब पल्ल्याची गाडी दुसऱ्या राज्यात पोचलेली असते. पालकसभेत आणि मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या शाळेच्या सखी-सावित्री समितीत आधी हीच मागणी लावून धरा. कॅमेऱ्याची मागणी त्यानंतर, कारण कॅमेरा मूल गेल्यावर कामाला येतो आणि गैरहजेरीचा फोन ते हाती लागण्याजोगं असताना.

व्हॅनवाल्या काकांचा परवाना, बॅज, गाडीचा नंबर आणि त्यांचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये हवा. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार बसमध्ये मदतनीस लागतो आणि मुली असतील तर बाई लागते. व्हॅनच्या मालकाकडेही सोबतीला कोणीतरी असावं असा आग्रह धरा. बदली ड्रायव्हरबद्दल आधीच ठरवून घ्या: काकांनी स्वतः आदल्या रात्री किंवा सकाळी फोन करून नाव सांगितलं तरच. ‘काकांचा भाऊ आहे’ एवढ्यावर मूल गाडीत बसवायचं नाही. आणि व्हॅन कोपऱ्यावर सोडून निघून जाणार नाही, मूल आजीच्या हातात दिल्यावरच हलणार. आजी खाली आलेल्या नसतील तर काकांनी मूल गाडीतच बसवून ठेवायचं आणि फोन करायचा.

आता मुलांकडे वळू. ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हा उपदेश पुरत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या लेखी ज्याने दोनदा नाव घेऊन हाक मारली तो ओळखीचाच असतो. शिवाय चुकलेल्या मुलाने अनोळखी माणसाशी बोललंच पाहिजे, नाहीतर ते तोंड मिटून रडत बसतं. त्याऐवजी एक नियम पक्का करा: ज्यांच्याकडे मी आत्ता आहे त्यांना सांगितल्याशिवाय कोणाबरोबरही, कुठेही जायचं नाही. शाळेत बाईंना, घरी आजीला, क्लासमध्ये ताईला सांगायचं. आणि हा नियम मामालाही लागू, शेजारच्या दादालाही लागू. तुम्ही स्वतः तो पाळला पाहिजे. परस्पर बाहेरून मुलाला उचलून खाऊ आणायला नेलंत तर नियम तिथेच मोडला.

यालाच जोडून परवलीचा शब्द ठरवता येतो. मुलीला निवडू द्या, पण घरातलं लाडाचं नाव, कुत्र्याचं नाव, देवाचं नाव नको. ‘निळी भेंडी’ असं काहीही चालेल. तो आई, बाबा, आजी आणि आणखी एक, एवढ्यांनाच माहीत हवा. ‘आई दवाखान्यात आहे, मला न्यायला पाठवलंय’ असं कोणी म्हणालं की मुलीने शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, मागे फिरून बाईंकडे जायचं. शब्द बरोबर आला तरी निघण्याआधी बाईंना सांगायचंच. एकदा वापरला की शब्द बदला. मुलं तो मैत्रिणीला सांगतात, हे गृहीत धरा. सात वर्षांच्या मुलीला हे जमतं. चार वर्षांच्या मुलावर विसंबू नका. त्याची सुरक्षा पूर्णपणे मोठ्यांच्या हाती.

गाडीतून कोणी पत्ता विचारला तर? मोठ्या माणसाला पत्ता हवा असेल तर तो मोठ्या माणसालाच विचारतो, हे मुलीला सरळ सांगा. गाडीपासून दोन-तीन मोठ्या पावलांवर थांबायचं, खिडकीजवळ जायचं नाही, मोबाइलवरचा कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो बघायलाही नाही. पळायची वेळ आली तर गाडीचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच्या उलट पळायचं, कारण गाडी वळवायला वेळ लागतो. दप्तर टाकून द्यायचं. दप्तरासाठी कोणी रागावणार नाही हे तिला आधी माहीत हवं. मुलं खरोखर दप्तर सांभाळत बसतात.

आणि ओरडायचं काय? नुसतं रडणारं, हातपाय झाडणारं मूल दिसलं तर लोकांना वाटतं हट्ट करतंय आणि बाप नेतोय. म्हणून शब्द ठरलेले हवेत: ‘हे माझे बाबा नाहीत! मी यांना ओळखत नाही!’ गच्चीवर नेऊन हे मोठ्याने म्हणायला लावा. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा आवाज फुटतच नाही. खेळासारखं घ्या, पाच मिनिटं, महिन्यातून एकदा. कोणी हात धरलाच तर खाली बसकण मारायची, अंग सैल सोडून जड व्हायचं, खांबाला किंवा रेलिंगला दोन्ही हातांनी मिठी मारायची, चावलं तरी चालेल. ‘मोठ्यांशी असं वागू नये’ हा नियम त्या क्षणी लागू नाही, हे आईबाबांच्या तोंडून ऐकलेलं असलं की मूल कचरत नाही.

पाचव्या वर्षापर्यंत एक मोबाइल नंबर, स्वतःचं पूर्ण नाव, आईचं आणि बाबांचं पूर्ण नाव, गावाचं किंवा भागाचं नाव पाठ करून घ्या. दहा आकडे तीन-तीन-चार असे तोडून चालीवर म्हणायला लावले की आठवड्याभरात होतात. सापडलेली लहान मुलं आईचं नाव ‘आई’ आणि घर ‘मंदिराजवळ’ एवढंच सांगतात, आणि तेवढ्यावर घर शोधणं फार अवघड जातं. दप्तरावर, डब्यावर बाहेरून ठळक नाव लिहू नका, आतल्या बाजूला लिहा. नावाने हाक मारणाऱ्यावर मूल पटकन विश्वास ठेवतं.

गुपितांबद्दलही बोला. वाढदिवसाचं सरप्राइज ठीक, पण ‘हे आईला सांगू नकोस’ असं कोणत्याही मोठ्या माणसाने म्हटलं की त्याच दिवशी आईला सांगायचं. माहीतगार माणूस मुलाला लगेच नेत नाही. चॉकलेट, मोबाइलवर गेम, छोटी गुपितं, असं महिना-दोन महिने चालतं.

गर्दीची ठिकाणं

आषाढीचं पंढरपूर, गणपतीतलं लालबाग, गावची जत्रा, एसटी स्टँड, लोकल, आणि आता २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ. घरातून निघताना मुलाचा पायापर्यंतचा फोटो त्या दिवशीच्या कपड्यांत काढा, चपलांसकट. हरवल्यावर आईला शर्टाचा रंग आठवत नाही, हे अगदी नेहमीचं आहे, आणि मूल न्यायचं असेल तर कपडे बदलले जातात पण चप्पल बहुतेक तीच राहते. मनगटाला कापडी पट्टीवर फक्त मोबाइल नंबर, नाव नको. दोन नंबर लिहा, कारण गर्दीत एकाच्या फोनला रेंज नसते.

माणसांची वाटणी नावाने करा: ‘आर्या माझ्याकडे, ओम तुझ्याकडे.’ ‘सगळे मिळून बघू’ म्हणजे कोणीच बघत नाही. बोटं धरण्यापेक्षा मनगट धरा, रेट्यात बोटं सुटतात. मुलाला सांगा: चुकलास तर शोधत फिरायचं नाही, तिथेच थांबायचं आणि मोठ्याने आईचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. नुसतं ‘आई’ म्हटलं तर दहा बायका वळतात आणि पुढे जातात. मदत मागायची ती गणवेशातल्या पोलिसाकडे, दुकानात गल्ल्यावर बसलेल्याकडे, किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईकडे.

लोकलचा नियम वेगळा आणि तो आधी सांगून ठेवावाच लागतो. मूल फलाटावर राहिलं आणि गाडी सुटली तर मुलाने जागचं हलायचं नाही, आपण परत येतो. मूल गाडीत गेलं आणि आपण राहिलो तर मुलाने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभं राहायचं. दोन्हीकडे आपण रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना लगेच सांगायचं. पुढच्या स्टेशनवर माणूस उभा करता येतो.

बाळंतपणाच्या वॉर्डबद्दल थोडं, कारण तिथला धोका फार कोणी सांगत नाही. तान्हं बाळ नेणारी बहुतेक बाई असते, दोन-तीन दिवस वॉर्डात येऊन ओळख करून घेते, आजीला चहा आणून देते, आणि आई बाथरूमला गेली किंवा झोपली की ‘डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय’ म्हणून बाळ उचलते. बाळ तपासणीला, लशीला, काविळीच्या उजेडाखाली, कुठेही न्यायचं असेल तर घरचं माणूस सोबत जाणारच. ओळखपत्र बघा, आणि शंका आली तर वॉर्डच्या सिस्टरला विचारा. १५ एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा. तेव्हा प्रश्न विचारताना संकोच नको.

मुलं बारा-तेराची झाली की घरातून बाहेर जाण्याचा रस्ता मोबाइलमधून जातो. गेममधली ओळख, मग वेगळ्या ॲपवर खासगी गप्पा, रिचार्ज किंवा छोटी भेट, ‘तुझ्या घरचे तुला समजून घेत नाहीत’, मग फोटो, मग धमकी किंवा भेटीचं ठिकाण. मोबाइल हिसकावला की मूल मैत्रिणीच्या फोनवरून तेच चालू ठेवतं आणि आपल्याला काही कळत नाही. घरात एवढं ठरवा: ऑनलाइन ओळखीच्या कोणालाही पहिल्यांदा भेटायचं ते घरातलं मोठं माणूस सोबत घेऊन. आणि फोटोवरून कोणी धमकावलं तर शिक्षा होणार नाही, असा शब्द द्या आणि पाळा. गप्पा आणि फोटो पुसू नका, तो पुरावा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली अशी तक्रार नाव न देताही करता येते.

घटस्फोटाचा वाद चालू असेल तर ताब्याबद्दलच्या न्यायालयाच्या आदेशाची प्रत शाळेत द्या. नुसत्या तोंडी सांगण्यावर शाळा सख्ख्या बापाला किंवा आईला अडवू शकत नाही. एकाने मूल लपवलं तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, हेबियस कॉर्पस) याचिका हा मार्ग आहे. परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे तिकडचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही.

घड्याळाबद्दल: घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर वर सांगितलेलं काही सोडू नका. ते चुकलेल्या मुलासाठी उपयोगी. नेणारा माणूस आधी घड्याळच काढून फेकतो. इमारतीच्या आत जागा शंभर-दोनशे मीटरने चुकू शकते, बॅटरी दुपारपर्यंत संपते, सिमचा डेटा संपल्याचं कोणाला कळत नाही. घेतलंत तर रोज रात्री चार्जिंग, महिन्यातून एकदा शाळेत आणि आजीच्या घरी जागा बरोबर दाखवतं का ते तपासणं, आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणं. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग आसपास त्या कंपनीचे फोन असतील तरच जागा सांगतात. खेडेगावात त्यांचा भरवसा धरू नका.

मूल दिसत नाही, आता काय?

पहिली दहा मिनिटं घर आणि आवार. लहान मूल असेल तर सगळ्यात आधी पाणी बघा: टाकी, विहीर, ड्रम, बादली, सोसायटीचा तलाव. मग बंद उभ्या गाड्या आणि त्यांच्या डिक्या, लिफ्ट, गच्ची, पलंगाखाली, कपाट, शेजारी. अपहरणाची भीती मनात असताना लोक रस्त्याकडे धावतात आणि टाकी उघडी असल्याचं दोन तासांनी लक्षात येतं.

दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२. सगळे मिळून शोधू नका. एक जण घरी थांबेल, कारण मूल परत येऊ शकतं आणि फोनही येऊ शकतो. एक जण फाटकावर, एक जण स्टँड किंवा स्टेशनकडे, आणि एक जण पोलीस ठाण्यात. चोवीस तास थांबा असा कोणताही नियम नाही. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली लगेच नोंदवला गेला पाहिजे, आणि हद्द आमची नाही म्हटलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, नोंदवावाच लागतो. जुन्या कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती. १ जुलै २०२४ पासून मुलगा-मुलगी दोघांनाही अठरा आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. नोंद घेत नसतील तर वरिष्ठांकडे, म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे लेखी पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा.

सोबत न्यायचं: सकाळचा फोटो नसेल तर कान स्पष्ट दिसणारा अलीकडचा फोटो, उंची, कपडे आणि चप्पल, अंगावरच्या खुणा, औषधं चालू असतील तर ती, मूल कोणती भाषा बोलतं, मित्रांचे नंबर, आणि मोठं मूल असेल तर त्याचा मोबाइल नंबर आणि आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक, खोक्यावर असतो). मोबाइल घरी राहिला असेल तर उघडून चाळत बसू नका आणि रिसेट तर मुळीच करू नका, तसाच पोलिसांना द्या.

सीसीटीव्हीबाबत एक गोष्ट फार जण चुकतात. दुकानांच्या डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं) घड्याळ क्वचितच बरोबर असतं; दहा मिनिटांपासून कधी कधी पूर्ण तासाचाही फरक असतो. फुटेज बघण्याआधी पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक लिहून ठेवा. नाहीतर ‘साडेचारला मूल दिसतच नाही’ म्हणून पुढच्या दुकानात जाल आणि मूल पाच वाजून दहा मिनिटांच्या चित्रात असेल. काही दुकानांत फुटेज चार-पाच दिवसांतच पुसलं जातं. पेन ड्राइव्हवर घेता येत नसेल तर पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मालकाला मूळ फुटेज राखून ठेवायला लेखी सांगा. एटीएम, पेट्रोल पंप, मेडिकल आणि रिक्षा थांब्यासमोरचं दुकान, या क्रमाने जा.

पोस्टरवर पोलीस ठाण्याचा नंबर द्या. फक्त स्वतःचा दिलात तर ‘मूल आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फसवे फोन सुरू होतात. खंडणीचा फोन आला तर कापू नका, रेकॉर्ड करा, मुलाशी बोलायला मागा, पार्श्वभूमीचे आवाज लक्षात ठेवा. आणि ही गोष्ट पोलिसांशिवाय कोणालाही, सोसायटीच्या ग्रुपलाही, सांगू नका. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जायला हवा. त्या तारखेची नोंद स्वतः ठेवा आणि लेखी आठवण करा.

मूल सापडलं की पहिला फोन पोलिसांना आणि दुसरं काम सगळीकडे टाकलेले फोटो काढून टाकणं. त्याला ‘का गेलास’ हे विचारू नका. काय झालं ते एकदाच, प्रशिक्षित माणसाने विचारावं. घरच्या दहा जणांनी दहादा विचारलं की मूल ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं आणि पुढे जबाब कमकुवत होतो. वैद्यकीय तपासणी होऊ द्या, मूल बरं दिसत असलं तरी.

आणि तुम्हाला दुसऱ्या कोणाचं चुकलेलं मूल सापडलं तर त्याला घरी नेऊ नका, नावासकट फोटो टाकू नका. जिथे सापडलं तिथेच, लोकांच्या नजरेत, अर्धा तास थांबा. आई बहुतेक तिथेच परत येते. त्याच वेळी १०९८ किंवा ११२ ला कळवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ नुसार चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाला पाणी द्या, नाव विचारा. रडून सांगत नसेल तर ‘घरी कोणकोण आहे’ यापेक्षा ‘शाळेत बाई कोण’ असं विचारा. शाळेचं किंवा बाईंचं नाव बहुतेक मुलं पटकन सांगतात, आणि शाळेवरून घर शोधणं सोपं जातं.